संक्रमणी धातूंची कॅल्कोजेनाइड हॅलाइड संयुगे

संक्रमणी धातू, कॅल्कोजन (गंधक, सेलेनियम, टेल्यूरियम) आणि हॅलोजन एकाच स्फटिकात सामावणारी संयुगे. घटक पदार्थ निर्वात, सीलबंद क्वार्ट्झ नळीत तापवतात. दोन टोकांच्या तापमानांत फरक ठेवला की वायुरूप हॅलाइड धातू वाहून नेते आणि एका टोकाला स्फटिक वाढतात. बाष्पदाबाने नळी फुटू शकते. तापमान सावकाशच वाढवावे लागते.

यांतले सर्वांत लक्षणीय संयुग क्रोमियम सल्फाइड ब्रोमाइड. त्याचे थर एकमेकांना इतके सैल धरून असतात, की साध्या चिकटपट्टीने ते सोलता येतात. एका थरातील क्रोमियमची चुंबकीय परिबले एकाच दिशेने, शेजारच्या थरातील नेमकी उलट. ही रचना सुमारे १३२ केल्विनखाली आढळते. हे संयुग अर्धसंवाहकही आहे. क्रोमियम ट्रायआयोडाइड हे दुसरे थरयुक्त चुंबकीय संयुग हवेत झपाट्याने बिघडते, क्रोमियम सल्फाइड ब्रोमाइड मात्र टिकते. प्रयोगशाळेत हा गुण फार मोलाचा.

टँटलम, सेलेनियम व आयोडीन यांच्या एका संयुगात थरांऐवजी साखळ्या असतात. सुमारे २६० केल्विनखाली त्यांत विद्युतभार-घनतेच्या लाटा उमटतात.

या संयुगांच्या जवळच्या, हॅलोजनविरहित धातू-कॅल्कोजेनाइडांचे पातळ थर मात्र सीलबंद नळीऐवजी द्रावणातून, कमी तापमानाला बसवण्याचे मोठे काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात चंद्रकांत लोखंडे व सहकाऱ्यांनी केले.