मेला गडी, जिवंत गडी

हुतूतूच्या मैदानावर मरण स्वस्त असते. चढाईला गेलेला गडी पकडला गेला की तो ‘मेला’. समोरच्यांचा एक बाद झाला की आपला मेलेला गडी धूळ झटकून पुन्हा आत येतो. आपल्या भाषेला यात काही वावगे वाटत नाही. सोंगटी मरते, प्यादे मरते, गोटी मारली जाते, पत्त्यांत एक्का राजाला मारतो. असे बोलत आपल्या किती पिढ्या वाढल्या! म्हणून आज घरातले मूल मोबाइलवर वाकून ‘मार, मार, मागे एक आहे’ असे ओरडते आणि आजी दचकते, तेव्हा प्रश्न मारण्याच्या शब्दाचा नसतो. त्या मरणाला वजन किती, हा प्रश्न असतो.

हा प्रश्न आपल्या खेळांनी फार पूर्वी हाताळला आहे. हुतूतूचे तीन जुने प्रकार जाणत्यांना आठवत असतील. संजीवनीत मेलेला गडी जिवंत होतो. गामिनीत मेला तो मेला, सगळा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच बसतो. अमर प्रकारात कुणी मरतच नाही, फक्त गुण मोजले जातात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत महाराष्ट्रात नियम बांधले गेले तेव्हा मुख्यतः संजीवनीची वाट धरली गेली आणि आजची कबड्डी त्यातूनच आली. संगणकावरच्या खेळांचा इतिहास वाचताना मला सारखे हे तीन शब्द आठवत राहिले. तिकडे जगभरच्या लोकांनी पन्नास वर्षे डोके खाजवून जे प्रकार काढले, ते हेच. पुन्हा जिवंत होणे, कायमचे मरणे आणि नुसते मोजणे.

आपल्या इंदूर जिल्ह्यात तर खेळ आणि मरण यांमधली रेघ आजही पुसट आहे. देपालपूरच्या पुढे गौतमपुऱ्याला दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिंगोट युद्ध होते. हिंगोटाचे फळ वाळवून पोखरतात, आत दारू ठासतात, बांबूची काडी बांधतात आणि पेटवून समोरच्यावर सोडतात. गौतमपुऱ्याचा संघ तुर्रा आणि रुणजीचा कलगी. नावे ऐकून मराठी माणसाचे कान टवकारावेत, कारण शाहिरी फडांचे कलगी आणि तुरा तेच, शक्तीचा पक्ष आणि शिवाचा पक्ष. आपल्याकडे ते सवाल-जवाबात भांडतात, इथे आगीने. मोगली घोडेस्वारांना अडवायला मराठ्यांनी हे शस्त्र शिकवले, असे तिथली माणसे सांगतात. या युद्धात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. शेवटी दोन्ही बाजूंचे लोक गळाभेट घेतात. दरवर्षी लोक भाजतात, आणि २०१७ साली एका तरुणाचा जीव गेला. प्रकरण इंदूर खंडपीठापर्यंत पोहोचले. ढालीमागे उभ्या असलेल्या त्या माणसाला समोरचा कोण हे ठाऊक असते. बहुधा तो त्याच्याच बाजारात भाजी घेणारा असतो. मोबाइलवर समोरचा कोण हे कधीच ठाऊक नसते. मला मोठा फरक हाच वाटतो.

पडद्यावरच्या मरणाचा इतिहास १९७६ पासून सांगता येतो. त्या वर्षी अमेरिकेत ‘डेथ रेस’ नावाचे नाण्यावर चालणारे यंत्र आले. मोटारीने काडीसारख्या आकृत्यांना उडवायचे. उडवले की किंकाळी आणि त्या जागी एक क्रूस. चित्र इतके ओबडधोबड होते की बनवणाऱ्यांनी त्या आकृत्या माणसे नसून भुते आहेत असे सांगितले, तरी ओरड झालीच. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे आठ-बिटी यंत्र आले. माझ्या वयाच्या वाचकांना ‘कॉन्ट्रा’ आठवत असेल: तीन जीव, ते संपले की पुन्हा सुरुवात. पुढे पदविकेच्या वर्षांत सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘व्हाइस सिटी’. मग २०१७ नंतर पबजी. शंभर माणसे एका बेटावर उतरतात आणि एक उरतो. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ११८ अॅप्सबरोबर त्यावर बंदी घातली, ती देशाच्या आणि माहितीच्या सुरक्षिततेसाठी. माणसे मारण्याशी तिचा संबंध नव्हता. २०२१ च्या जुलैत खेळ नव्या नावाने परत आला तेव्हा मात्र दोन गमतीदार बदल झाले. रक्त हिरवे झाले आणि ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ आले. म्हणजे मारणे तेवढेच राहिले, फक्त आणखी हलके झाले. पालकांचे समाधान करण्याची ही सरकारी पद्धत मी ओळखतो, मी स्वतः सरकारी नोकर आहे.

आमच्याकडे वीज पडून, पुरात वाहून माणसे दगावतात तेव्हा राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ खाली वारसांना ४ लाखांची मदत मिळते. महिन्याच्या तक्त्यात त्याचा एक रकाना असतो. रकाना भरताना हात थांबत नाही. कागद घेऊन घरातली बाई समोर उभी राहिली की थांबतो. आकडा आणि माणूस यांतले हे अंतर आपल्या इतिहासात एका ठिकाणी फार विलक्षण तऱ्हेने दिसते. पानिपतानंतर माळव्यात आलेल्या नानासाहेब पेशव्यांना नर्मदेच्या परिसरात जी बातमी कळली, ती सावकारी भाषेत होती. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा म्हणजे, वाचकहो, तुमचे-आमचे पूर्वज. मरणाची अशी गुणपत्रिका जगात दुसरी क्वचितच असेल. पण वाचणारा माणूस त्यातल्या एका मोत्याचा बाप होता. त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर तो गेला.

संगणकी खेळांतही काहींनी हे अंतर मिटवायचा प्रयत्न केला आहे. जपानच्या हिदेओ कोजिमाच्या २००४ च्या एका खेळात नायकाला नदीतून चालावे लागते आणि तोवर त्याने मारलेला प्रत्येक शिपाई, ज्या जखमेने मेला ती जखम घेऊन, समोरून येतो. ज्याने थोडे मारले त्याची नदी जवळजवळ रिकामी असते. ज्याने हौसेने मारले त्याला बराच वेळ चालावे लागते. २००५ मध्ये फुमितो उएदाच्या ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’मध्ये सोळा प्रचंड प्राणी मारायचे होते, आणि प्रत्येक जण कोसळताना विजयाच्या नगाऱ्याऐवजी शोकाचे संगीत वाजायचे. ‘अंडरटेल’ (२०१५) तर कुणालाही न मारता पुरा करता येतो. एखाद्याला मारून, पस्तावून पुन्हा पहिल्यापासून सुरू केले तरी तो खेळ ते लक्षात ठेवतो. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागात शत्रूचा एक जण पडला की त्याचे सोबती त्याला नावाने हाक मारतात. साधी युक्ती आहे. नाव कळले की बोट अडखळते.

या सगळ्यांत मला जवळचा वाटला तो ‘धिस वॉर ऑफ माइन’. पोलंडमधल्या वॉर्साच्या मंडळींनी तो २०१४ मध्ये बनवला. १९९२ ते १९९६ या काळात सारायेव्हो शहराला जो वेढा पडला होता, त्यावरून तो सुचला. यात आपण शिपाई नसतो. वेढ्यात अडकलेल्या घरातली तीन-चार सामान्य माणसे असतो. दिवसा शेगडी, पाणी, औषध बघायचे आणि रात्री अन्न शोधायला बाहेर पडायचे. एका घरात एक म्हातारे जोडपे राहते, त्यांच्याकडे अन्न आणि औषध आहे. घेतले तर ते विरोधही करत नाहीत. पण घेऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी खिन्न बसतो, जेवत नाही, कामाला उठत नाही. मारून आला असेल तर मोडून पडतो. इथे गुणसंख्या नाही आणि मेलेला परत येत नाही. ही शुद्ध गामिनी. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा खेळ शाळकरी मुलांच्या पूरक वाचनाच्या यादीत घातला.

आपल्या पुण्यातही ‘राजी’ नावाचा देखणा खेळ २०२० मध्ये तयार झाला. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. तो मी कौतुकाने पाहिला. पण राक्षसाला मारताना कुणाचा हात थांबणार? राक्षस मारायचे काम आपण नेहमीच आनंदाने केले आहे. या शहराची आखणी करायला आलेल्या पॅट्रिक गेडिस साहेबांनी दिवाळीच्या मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर मिरवून जाळले, तेव्हाही इंदूरकरांनी आनंदच मानला. अवघड असते ते माणसाला मारणे, आणि त्याहून अवघड त्या माणसाकडे नंतर भाकरी मागायला जाणे.

याचे उदाहरण आपल्या होळकरांच्याच इतिहासात आहे. १७५४ च्या मार्चमध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर तोफेच्या गोळ्याने गेले. इतिहासाच्या पुस्तकात ही एक ओळ असते. मल्हारराव सुभेदारांचा एकुलता मुलगा गेला, सती जायला निघालेल्या अहिल्याबाईंना त्यांनी थांबवले, आणि त्या एका गोळ्याने माळव्याचे पुढचे सगळे शतक बदलले. गोळा ज्या किल्ल्यावरून आला तो सूरजमल जाटाचा. सात वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ नंतर, पानिपताहून उघडी, उपाशी, जखमी माणसे दक्षिणेकडे निघाली ती याच सूरजमलच्या मुलखातून. त्याने आणि राणी किशोरीने त्यांना अन्न दिले, कपडे दिले, जखमा बांधून पुढे पाठवले. बाजीराव-मस्तानीचा समशेर बहादूर त्याच्याच डीगला जखमांनी गेला. त्या वाटेवरचे लोक रणातून निघालेले. त्यात किती जण १७५४ ला कुंभेरच्या तटाखाली असतील? (मल्हारराव रण सोडून गेले की वाचवून गेले, हा वाद इंदुरात कधीच मिटणार नाही, म्हणून या अंकात नको.)

या प्रसंगाचा खेळ कुणी बनवावा असे मला मनापासून वाटते. सदाशिवरावभाऊ म्हणून नव्हे, बुणग्यांतला एक माणूस म्हणून. नोव्हेंबरपासून कोंडलेली छावणी, रसद तुटलेली, बरोबर बायका-मुले, यात्रेकरू. कुणाची वाटणी घ्यायची, कुणाला मागे सोडायचे. एकोणिसाव्या वर्षातला नाना फडणीस त्यातून जिवंत आला, आई मात्र परत आली नाही. आणि शेवटी कुंभेरचा दरवाजा. आपल्या हातून मेलेल्यांचे घरवाले आत बसलेले, आणि आपण बाहेर उभे.

घरी मुलाला ही कल्पना सांगितली. त्याने विचारले, “शस्त्र काय मिळणार?” मी म्हटले, बुणग्याकडे काय असणार, फार तर एखादी काठी. “आणि जीव किती?” एकच. “मग कोण खेळणार, बाबा?” म्हणून तो उठून गेला. रात्री जेवताना मात्र त्याने नकाशा उघडला आणि कुंभेर कुठे आहे ते विचारले. मी दाखवले. भरतपूरच्या वर, डीगच्या वाटेवर.