मुद्रेची मोहिनी : सांगली ते सातारा

सांगली संस्थानचे अधिपति चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेवरून विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ नाटक केलें आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला. सूत्रधारानें पदें म्हणावीं, पात्रांनीं तदनुरूप हावभाव करून समयोचित भाषण करावें, अशी ती रीत होती. राक्षसपात्रें आरोळ्या ठोकीत, तरवारी परजीत येत. म्हणून या नाटकांना पुढें ‘अललडुर्र’ असें थट्टेचें नांव पडलें. परंतु त्या आरोळ्यांना हसण्याचें कारण नाहीं. तेलाच्या दिव्यांच्या उजेडांत दूर बसलेल्या प्रेक्षकास मुखावरील सूक्ष्म छटा कोठून दिसणार? त्याचें लक्ष आवाजानें व वेषानेंच ओढावें लागे.

तथापि आवाजानें वळलेली नजर अखेर चेहऱ्यावरच स्थिरावते. हें मर्म आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. नाट्यशास्त्रांत केवळ दृष्टीचेच ३६ प्रकार वर्णिले आहेत. युरोपांत डार्विननें १८७२ सालीं मनुष्य व पशु यांच्या भावदर्शनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अलीकडील मानसशास्त्राचे प्रयोग सांगतात कीं, नवजात अर्भकही इतर आकृतींपेक्षां मुखाकृतीकडे अधिक वळतें आणि भयानें विस्फारलेले डोळे पाहणाऱ्याचें लक्ष त्वरित वेधतात. दुसऱ्याचें भय ही आपणांस मिळालेली संकटाची सूचनाच होय.

या सत्याचा प्रत्यय मराठी प्रेक्षकांस साताऱ्यानें दिला. सातारा जिल्ह्यांतील टेंभू गांवीं जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनीं शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चें भाषांतर केलें, तें १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें नांवच ‘विकारविलसित’, म्हणजे मनोविकारांचा विलास! साताऱ्यास उदयास आलेल्या शाहूनगरवासी नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें. नाटक गद्य, पदांचा आधार नाहीं. सारा भार वाणीवर आणि मुद्रेवर. नायकाच्या भूमिकेंत गणपतराव जोशी यांनीं अलोट कीर्ति मिळविली. पित्याच्या पिशाच्चाचा प्रवेश घ्या. तेथें खरें भय पिशाच्चाच्या वेषांत नसतें. तें पुत्राच्या मुद्रेवर उमटतें आणि तेथूनच प्रेक्षकांच्या अंतःकरणांत उतरतें.

मुद्रा लक्ष वेधते ती विवेक जागा होण्यापूर्वीं. हेंच तिचें सामर्थ्य आणि हाच तिचा धोकाही. खोटे अश्रू आणि उसना संतापही क्षणभर नजर खिळवितात. जाहिरातदार व वक्ते हें पुरतें जाणतात. परंतु तीन-चार तास प्रेक्षकांस बसवून ठेवावयाचें, तर मुद्रेमागें अर्थ असावा लागतो. सांगलीनें मराठी माणसास रंगभूमीकडे पाहावयास लाविलें. मुद्रेमागचें मन वाचावयास साताऱ्यानें शिकविलें.