फिरता दिवा : वस्तू आणि पुरावा

रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांवरील फिरता दिवा भारतात संकटाइतकाच सत्तेचाही द्योतक ठरला. जुन्या दिव्यांत बल्ब बहुधा स्थिर असे. छोट्या विद्युत्-मोटारीने त्याभोवती फिरणारा परावर्तक प्रकाशझोत चहूकडे नेई. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१३ रोजी लाल दिव्याचा वापर मर्यादित केला. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरील दिवे उतरले. आपत्कालीन वाहनांवरील राहिले. तेव्हापासून उतरलेला दिवा हे इतिहासाचे साधन होय. म्हणून संग्राहकाने दुरुस्तीपूर्वी झिजलेली दंतचक्रे, घुमटाचा मूळ रंग व दिवा कोणत्या वाहनावरचा, हे नोंदवावे. ही नोंद नसल्यास चकाकी येते. परंतु सेवा व मिरवणूक यांतील भेद सांगणारा पुरावा नष्ट होतो.