फाटकावर अडलेले प्रथिन

गिरणीच्या फाटकावर अडविलेल्या माणसाला काम येत नाही, असे थोडेच आहे? पेशीतही तसेच घडते. क्षारकण आतबाहेर नेणारी प्रथिने पेशीच्या पोटात घडतात. घडण तपासूनच त्यांना पृष्ठभागी धाडले जाते.

फुप्फुसात चिकट कफ साठविणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिस या रोगाचे जनुक १९८९ साली सापडले. बहुतेक रोग्यांत १४८० दुव्यांच्या प्रथिनसाखळीतला एकच दुवा गळालेला असतो. १९९० साली कळले, की हे प्रथिन आतच अडते. १९९२ साली पेशी थंडाव्यात वाढविल्या, तेव्हा तेच पृष्ठभागी पोचून काम करू लागले! २०१९ साली त्याला सावरणारे औषध अमेरिकेत मंजूर झाले. किंमत वर्षाला ३ लाख डॉलरांवर. प्रथिनाची वाट विज्ञानाने मोकळी केली. औषधाची वाट गरिबाच्या घरापर्यंत मोकळी करणे, हे काम समाजाचे आहे.