गप्पी

आमच्या घरी पहिली जोडी आली तेव्हा ‘गप्पी’ हे नाव गप्पांवरूनच पडलं असावं, अशी माझी समजूत होती. दिवसभर तोंड चालू, दुसरं काय! पण गप्पी हे निघालं चक्क आडनाव. रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडले आणि १८६६ साली तिथल्या ग्युंटरसाहेबांनी माशाला त्यांचंच नाव दिलं. बारसं थाटात झालं. फक्त बर्लिनच्या पीटर्सनी ते १८५९ मध्येच उरकून ठेवलं होतं! शास्त्रात पीटर्सचं नाव चाललं, लोकांच्या तोंडी गप्पीच राहिला. पुढे डासांच्या अळ्या खाण्याच्या नोकरीवर तो आपल्याकडच्या विहिरींतही रुजू झाला.

ही बाई अंडी घालत नाही. महिन्याभरानं थेट पिल्लंच देते. आमच्या गप्पीणबाईंनी रात्री दिली. सकाळी सौभाग्यवतींनी २३ मोजली, संध्याकाळी उरली ४. आईनंच गिळली होती! दाट पाणवनस्पती असत्या तर लपली असती, हे दुकानदारानं नंतर सांगितलं. चौघांना घाईघाईनं लोणच्याच्या काचेच्या बरणीत हलवलं.

त्या वर्षी आमच्याकडे लोणचं घातलं गेलं नाही.