गॅल्व्हनोमीटर

तारेतून विद्युतधारा वाहते आहे की नाही, वाहत असल्यास कोणत्या दिशेने आणि किती, हे दाखवणारे उपकरण. केवळ धारेचे अस्तित्व दाखवणाऱ्या साध्या रूपाला गॅल्व्हनोस्कोप म्हणतात. इटलीतील बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी यांचे नाव त्याला मिळाले आहे. बेडकाच्या पायांवरचे त्यांचे प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध झाले, आणि ताज्या कापलेल्या पायाला बसणारे आचके हीच पुढे बराच काळ क्षीण धारेची सर्वांत नाजूक खूण होती.

चुंबकसूचीचे युग १८२० च्या जुलैमध्ये सुरू झाले. डेन्मार्कच्या हान्स क्रिस्तियान ओर्स्टेड यांनी उत्तर-दक्षिण ताणलेल्या तारेखाली सूची ठेवली. धारा सोडताच ती वळली. त्याच वर्षी जर्मनीत हाले येथे योहान श्वायगर यांनी तार सूचीभोवती अनेकदा गुंडाळली. प्रत्येक वेढ्याने परिणाम वाढला आणि खरे उपकरण जन्मले. १८२५ साली नोबिली यांनी उलटसुलट दिशेच्या दोन सूच्या एकाच दांडीत बसवून पृथ्वीच्या चुंबकत्वाची ओढ जवळजवळ नाहीशी केली. १८३७ साली क्लोद पुइये यांनी मात्र त्याच ओढीचा उपयोग करून घेतला. त्यांचा स्पर्शज्या गॅल्व्हनोमीटर महाराष्ट्रातील कनिष्ठ महाविद्यालयांच्या अनेक पिढ्यांनी प्रयोगशाळेत हाताळला.

त्याची रचना अशी: उभे गोल कुंडल, मध्यभागी लहानशी सूची, तिला काटकोनात जोडलेला हलका अॅल्युमिनियमचा काटा आणि खाली आरसा. काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक आले की मगच अंश वाचायचे. कुंडल आधी सूचीच्या प्रतलात आणायचे, काट्याची दोन्ही टोके वाचायची, धारेची दिशा उलटवून पुन्हा वाचायची आणि सरासरी घ्यायची. धारा ही विचलनकोनाच्या स्पर्शज्येच्या प्रमाणात असते. कोन ४५ अंशांच्या आसपास असेल तर वाचनातली चूक सर्वांत कमी भोवते.

पुइयेंच्या उपकरणाचा खरा विशेष वेगळाच आहे. ते जिथे ठेवले आहे ती जमीनच त्याचा एक भाग असते. वसई-विरार परिसरात पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे ३८ मायक्रोटेस्ला आहे. ५० वेढ्यांच्या, ८ सेंटिमीटर त्रिज्येच्या कुंडलाचा काटा वसईत ४५ अंश वळवायला सुमारे ९७ मिलिअँपिअर धारा लागते. लंडनमध्ये क्षैतिज घटक निम्माच असल्याने तेवढ्याच कोनाला जेमतेम निम्मी धारा पुरते. म्हणून परदेशी पुस्तकातला स्थिरांक इथे चालत नाही. लोखंडी स्टूल, किल्ल्या, खिशातला मोबाइलही टेबलापासून दूर ठेवावा लागतो.

या नाजूकपणाची मोठी किंमत मुंबईला मोजावी लागली. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय मोजमापे होत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या धारेने सूच्या बिघडतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात काम अलिबागला हलवले गेले. तिथली वास्तू लोखंड टाळून बांधली. १९०४ पासून काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या, त्यामुळे साखळी तुटली नाही. ट्राम १९०७ साली धावू लागल्या. ही दूरदृष्टी भारतीय विज्ञानाच्या इतिहासात अधिक ठळकपणे सांगायला हवी.

ट्रामप्रमाणेच रुळांवरची वीज वसई-विरारलाही आली. १९२८ साली बोरिवलीपर्यंत आलेली विजेची लोकल १९३६ साली विरारला पोचली. वरच्या तारेत १,५०० व्होल्टची एकदिश धारा होती. नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार हा मार्ग साधारण उत्तर-दक्षिण जातो, म्हणजे मांडणी थेट ओर्स्टेड यांचीच. एका तारेतून १,००० अँपिअर वाहत असतील तर ५ मीटर खाली ४० मायक्रोटेस्लांचे क्षेत्र तयार होते, म्हणजे पृथ्वीच्या क्षैतिज घटकाहून किंचित जास्तच. अशा जागी होकायंत्राची सूची निम्म्या काटकोनाइतकी वळू शकते. रुळांवाटे परतणाऱ्या धारेमुळे लांबवर हा परिणाम झपाट्याने घटतो.

१९७० च्या दशकात विरारच्या उत्तरेला २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा आली आणि विरारपाशी दोन प्रकारच्या विजेची हद्द पडली. ती ओलांडण्यासाठी दोन्ही धारांवर चालणारी इंजिने बनवावी लागली. चर्चगेट ते विरार मार्गही २०१२ साली पूर्णपणे प्रत्यावर्ती झाला. ही धारा सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते; जड सूचीला तितक्या वेगाने वळता येत नाही, उलटसुलट धक्के एकमेकांना मारतात आणि ती जागची हलत नाही. द'आर्सोनव्हाल यांच्या १८८२ च्या फिरत्या कुंडलाच्या गॅल्व्हनोमीटरने पृथ्वीच्या क्षेत्रावरचे अवलंबन संपवले, पण प्रत्यावर्ती धारेपुढे तोही तसाच अडतो. काट्याच्या मल्टिमीटरमध्ये आजही तेच फिरते कुंडल असते, आणि घरातल्या विजेचे वाचन घ्यायचे तर त्याच्या आधी धारा एकदिश करणारे डायोड बसवावे लागतात.