हमी घरच्यांची, खर्च कोणाचा?

मनोरुग्णाने घरी राहून उपचार घ्यावेत असा आदेश न्यायालयाने द्यावा का, आणि दिल्यास खर्च कोणी सोसावा? न्यूयॉर्क राज्याने १९९९ मध्ये अशा आदेशांचा कायदा केला. आपल्याकडे या प्रश्नाचे बीज फार जुने आहे.

१८५८ चा कायदा पाहा. दंडाधिकाऱ्यापुढे आणलेल्या रुग्णासाठी त्यात दोन वाटा होत्या. पहिली वेड्यांच्या इस्पितळाची. तेथील निर्धनांचा भार सरकारी तिजोरीवर पडे. दुसरी घराची, नातलगाने नीट काळजी घेण्याची लेखी हमी दिली, की रुग्ण त्याच्या स्वाधीन होई. या वाटेसाठी मात्र तिजोरीतून छदामही नव्हता! १९१२ च्या कायद्यानेही घरच्यांची हमी राखली, त्यांचा खर्च नाही.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात. ब्रिटिशांचा तो कायदा येथे नव्हता. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला, पण राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे. येथून येरवडा सव्वादोनशेहून अधिक किलोमीटर. इतक्या लांब रुग्णाला नेणे न परवडणाऱ्यांना घर हाच दवाखाना, हे सांगायला दप्तर धुंडाळायला नको.

२०१७ च्या कायद्याने घरी राहणाऱ्यावर न्यायालयीन उपचारसक्ती आणली नाही. उलट उपचार हा हक्क मानला. दारिद्र्यरेषेखालील रुग्णास सरकारी उपचार मोफत. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यातील अन्य मानसिक आरोग्य संस्थेतील उपचारांचा खर्च सरकारने द्यायचा. यातले ‘त्याच जिल्ह्यातील’ हे शब्द मला खटकतात. जिथे अशी दुसरी संस्थाच नाही, तिथे हे कलम लागू तरी कसे करायचे?